टिपूच्या पिस्तुलावरची तारीख

टिपू सुलतानची म्हणून आजवर जितकी हत्यारे विकली, दाखवली आणि मिरवली गेली ती सगळी खरी मानायची, तर ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या लढाईत पडलेल्या त्या माणसाला दहा हात असायला हवे होते. आपल्या समाजात तर कुणाच्या माळ्यावर जुनी तलवार किंवा पिस्तूल सापडले की ते टिपूचेच ठरते. त्यामागचे प्रेम समजण्यासारखे आहे. पण प्रेम म्हणजे पुरावा नव्हे आणि बाजारात तर याच प्रेमाचे पैसे केले जातात.

हत्यारे विखुरली कशी ते आधी पाहू. किल्ला पडल्यावर इंग्रजी फौजेने शहर लुटले. मग कंपनीच्या अधिकाऱ्यांनी समिती नेमून उरलेल्या खजिन्याची मोजदाद केली आणि हुद्द्याप्रमाणे वाटणी केली. सेनापती जनरल हॅरिसच्या वाट्याला एक लाख बेचाळीस हजार पौंडांहून अधिक रक्कम आली. साध्या शिपायाला मिळाले ते सांगण्यासारखे नाही. टिपूचे सिंहासन तोडून त्याचे तुकडे झाले. शस्त्रागारातली बंदुका-पिस्तुले काही भेट म्हणून, काही हिश्शापोटी आणि काही सरळ पिशवीत घालून इंग्लंडला गेली. तिथल्या हवेल्यांच्या भिंतींवर ती शंभर-दीडशे वर्षे टांगलेली राहिली. मूळ मालक गेला, नातवाने विकले आणि कागद हरवला. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली टिपूकालीन हत्यारे निघाली. त्यातली चांदी मढवलेली एक बंदूक साठ हजार पौंडांना गेली.

म्हणून जाणकार दोन साक्षी मागतात, एक कागदाची आणि दुसरी लोखंडाची. कागदाची साक्ष म्हणजे हे हत्यार कुणाकडून कुणाकडे आले त्याची अखंड साखळी. मे २०२३ मध्ये लंडनला टिपूच्या शयनगृहातली तलवार १ कोटी ४० लाख पौंडांना विकली गेली. अंदाज होता पंधरा ते वीस लाखांचा. पात्यावर ‘शमशीर-ए-मलिक’ अशी अक्षरे होती हे खरे. पण ती तलवार हल्ल्याचे नेतृत्व करणाऱ्या जनरल बेअर्डला दिल्याची नोंद सोबत होती, हे त्याहून महत्त्वाचे. नोंद नसती तर किंमत कुठल्या कुठे घसरली असती.

पिस्तुलांच्या बाबतीत मात्र कागद क्वचितच उरलेला असतो. तिथे लोखंडालाच बोलते करावे लागते. सुदैवाने टिपूच्या कारखान्यातले लोखंड बोलके आहे. पहिली खूण सर्वांना ठाऊक आहे. वाघाच्या अंगावरचा पट्टा, ज्याला ‘बबरी’ म्हणतात, तो टिपूच्या गणवेशावर, तोफांवर, बंदुकांच्या नळ्यांवर सगळीकडे सापडतो. पिस्तुलाचा घोडा, म्हणजे गारगोटी धरणारा भाग, काही वेळा वाघाच्याच आकाराचा घडवलेला असतो. नळीवर बबरीच्या आकाराचा छोटा ठसा असतो आणि त्या ठशात ‘हैदर’ हे नाव कोरलेले दिसते. हैदर म्हणजे अरबीत सिंह, हजरत अलींचा लकब आणि टिपूच्या वडिलांचे नावही. एका शब्दात तीन अर्थ साधण्याची ही हौस खास टिपूची.

दुसरी खूण कमी लोकांच्या लक्षात येते. चकमकीच्या पिस्तुलाची कळ, म्हणजे गारगोटी आपटून रंजक पेटवणारी यंत्रणा, साधारणपणे उजव्या बाजूला असते. टिपूच्या शस्त्रागारातल्या काही जोड्यांमध्ये एका पिस्तुलाची कळ उजवीकडे आणि दुसऱ्याची डावीकडे आहे. दोन्ही शेजारी ठेवली की आरशात पाहिल्यासारखी दिसतात. अशी उलटी कळ घडवायची तर कारागिराला प्रत्येक भाग नव्याने उलटा घडवावा लागतो. नकली माल बनवणारा सहसा एवढी तसदी घेत नाही.

तिसरी खूण म्हणजे तारीख, आणि इथे आपण उर्दू वाचणाऱ्यांनी थोडे थांबावे. उर्दू शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला सुरुवातीला एक गंमत वाटते: अक्षरे उजवीकडून डावीकडे, पण आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतेच, “सर, आकडे उलटे का?” टिपूने नेमकी हीच विसंगती काढून टाकली. १७८७ च्या सुमारास त्याने हिजरी सन बाजूला ठेवून पैगंबरांच्या जन्मापासून मोजला जाणारा मौलूदी सन सुरू केला आणि आकडेही अक्षरांप्रमाणे उजवीकडून डावीकडे लिहायला लावले. त्यामुळे त्याच्या नाण्यांवर आणि हत्यारांवर १२२४ हे साल आपल्या सवयीने वाचले तर ४२२१ दिसते. ते उलटे वाचावे, त्यात ५७२ मिळवावेत, की इसवी सन निघतो: १७९६.

ज्याला हे माहीत नाही तो दोन्ही बाजूंनी फसतो. खऱ्या पिस्तुलावर ४२२१ पाहून अडाणी व्यापारी त्याला अंकांचा मंत्र समजतो आणि मातीमोल भावाने विकतो. उलट नकली कारागीर इतिहासाच्या पुस्तकातून टिपूच्या मृत्यूचे हिजरी वर्ष शोधतो आणि १२१३ असे सरळ कोरून मोकळा होतो. हा आकडा हिजरी मानला तर नव्या सनाच्या काळात हिजरी तारीख का, हा प्रश्न उरतो. मौलूदी मानला तर तो सन सुरू होण्याआधीचा निघतो. १७८७ पूर्वीच्या वस्तूंवर हिजरी साल असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. मौलूदी सनाचे शेवटचे वर्ष १२२७. ते सुरू झाले तेव्हा श्रीरंगपट्टणला वेढा पडत होता. त्यापुढचा आकडा दिसला तर तपास तिथेच थांबवावा.

अक्षरांकडेही नीट पाहावे. लिपी न जाणणारा नकलाकार नुक्ते चुकवतो, जोडाक्षरे तोडतो आणि शब्द चित्रासारखे उतरवतो. दुसरे असे की दोनशे वर्षांत नळी जिथे झिजली तिथे अक्षरेही झिजायला हवीत. नळी खडबडीत आणि गंजाने खाल्लेली, पण तिच्यावरचे सोन्याचे काम धारदार आणि ताजे, असे दिसले तर हत्यार जुने आणि नाव नवे समजावे. ही फसवणूक सर्वांत घातक, कारण त्यातले पिस्तूल खरोखरच अठराव्या शतकातले असते. त्याशिवाय पुढच्या काळात गारगोटीची कळ काढून टोपीची कळ बसवलेली पिस्तुले आहेत. ती खोटी नव्हेत, पण मूळ रूप गेल्याने त्यांचा भाव उतरतो. मुंबईच्या चोर बाजारात कंपनी सरकारचे चिन्ह मारलेली पितळी पिस्तुले मिळतात, त्यांतली बरीच दिवाणखान्याच्या शोभेसाठी आपल्याच काळात घडवलेली असतात.

या सगळ्या खुणा एकत्र करून अभ्यासण्याचे काम रॉबिन विगिंग्टन या इंग्रज संग्राहकाने केले. टिपूच्या बंदुका-पिस्तुलांवरचे त्याचे पुस्तक १९९२ मध्ये आले आणि त्याचा संग्रह २००५ मध्ये सोथबीजने विकला. २०१५ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात टिपूच्या तीस वस्तूंना साठ लाख पौंडांहून अधिक मिळाले. आपली वर्तमानपत्रे असे आकडे अभिमानाने छापतात. मला त्यात अभिमानाचे कारण दिसत नाही. भाव मिळतो तो राजाच्या नावाला आणि लुटीच्या कहाणीला. टिपूने १७८७ मध्ये फ्रान्सच्या राजाकडे वकील पाठवून कारागीर मागितले, आपल्या राज्यात कारखाने उभे केले आणि युरोपच्या तोडीची कळ मैसूरच्या लोहारांकडून घडवून घेतली, ही त्या पिस्तुलांतली खरी हकिकत आहे. ती फारसी लिपीत लिहिलेली आहे. ती वाचू शकणारी मुले आपल्या शाळांत बसलेली आहेत आणि तिच्यावर पुस्तक लिहायला एक इंग्रज लागला.

कुणाच्या घरी खरोखरच जुने पिस्तूल असेल तर कायद्याच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे लंडनचे भाव ऐकून हुरळण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट १९५९ च्या शस्त्र कायद्याची. जुन्या, कालबाह्य हत्याराला परवान्यातून सूट आहे, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. आजोबांचे पिस्तूल “नुसते शोभेचे” आहे हे आपण ठरवायचे नसते. पोलिसांच्या परवाना शाखेकडून लेखी घ्यावे.

आणि ते घासूनपुसून चकचकीत करू नये. चिंच, राख, बाजारातले पॉलिश यांनी गंजाबरोबर ठसाही जातो. मऊ कापडाने धूळ झटकावी, कोवळ्या तिरप्या उन्हात नळीचे फोटो काढावेत. तिरप्या उजेडात बुजलेली अक्षरे वर येतात. आकडे दिसले तर आधी डावीकडून वाचावेत आणि मग उजवीकडून.