फोटोमागचे नाव

वाचकहो, छायाचित्रात उमटलेला पहिला कामकरी माणूस कोण, हा प्रश्न शाळेत कधी कोणी विचारीत नाही. पण त्याचे उत्तर ऐकण्याजोगे आहे. १८३८ साली पॅरिस शहरात लुई दागेर नावाच्या गृहस्थाने उंच खिडकीतून समोरच्या रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता भर रहदारीचा. गाड्या, घोडे, माणसे यांची सारखी ये-जा. परंतु त्या काळी चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात जे हलले ते उमटलेच नाही. त्यामुळे तो सगळा रस्ता ओस पडल्यासारखा दिसतो. फक्त एका कोपऱ्यात एक माणूस पाय पुढे करून उभा आहे, आणि त्याच्यापुढे दुसरा कोणी वाकून त्याचे बूट पुसतो आहे. ते दोघे एका जागी थांबले म्हणून उमटले. फोटोत आलेली जगातील पहिली माणसे हीच, असे मानतात. म्हणजे बघा, आरंभालाच एक काम करणारा आणि एक करवून घेणारा आला. दागेरचे नाव जगाच्या इतिहासात गेले. त्या दोघांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

पुढे जगभर राबणाऱ्या माणसांचे फोटो निघाले. ते कोणी काढले, कशासाठी काढले, आणि आपल्या सातारा-सांगलीकडच्या खेड्यांनी, विशेषतः शिक्षकांनी, त्यातून काय घ्यावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

ही कला आपल्याकडे लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी आपली माणसेही तिच्यात होती. याच सोसायटीतल्या विल्यम जॉन्सन या सरकारी नोकराने मुंबईच्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची चित्रे १८६३ आणि १८६६ साली दोन भागांत छापली. गंमत अशी की, माणसांचा फोटो एके ठिकाणी घेतलेला आणि मागचा देखावा दुसरीकडून आणून जोडलेला! त्यानंतर १८६८ ते १८७५ या वर्षांत लंडनहून आठ खंडांचा एक मोठा ग्रंथ निघाला, ‘द पीपल ऑफ इंडिया’. त्यात साडेचारशेच्या वर फोटो आहेत. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना आपली प्रजा ओळखून घ्यायची घाई झाली होती. म्हणून फोटोखाली बहुधा जात आली, जमात आली, धंदा आला. माणसाचे नाव क्वचित. एखादे फूल कागदावर चिकटवून खाली त्याची जात लिहावी, तसाच हा प्रकार.

यात खोट काय, असे कोणी विचारील. खोट अशी की, माणूस फुलासारखा एका जागी राहत नाही. मिरजेचेच उदाहरण घ्या. तेथील शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणारे कारागीर. इंग्रजी अमल आला, शस्त्रांचे काम बसले. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि त्यांच्या घरच्या लोकांनी हातातले कसब तेच ठेवून सतारी आणि तंबोरे करायला घेतले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणायचा, तो तासायचा, त्यावर दांडी बसवायची, तारा जुळवायच्या. हा धंदा इतका वाढला की, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आता समजा, त्या काळी कोणी त्यांचा फोटो घेऊन खाली नुसते ‘शिकलगार’ असे लिहिले असते, तर पाहणाऱ्याला तलवारच दिसली असती, सतार नव्हे. जात लिहिली की माणूस थिजतो. नाव लिहिले, साल लिहिले, की तो चालू लागतो.

ही गोष्ट ज्याला नेमकी कळली, तो मूळचा शिक्षक होता. त्याचे नाव लुइस हाइन. न्यूयॉर्कच्या एका शाळेत तो शिकवीत असे. १९०८ साली त्याने शिक्षकाची नोकरी सोडली आणि बालमजुरीविरुद्ध झगडणाऱ्या एका समितीसाठी कॅमेरा घेऊन अमेरिकाभर हिंडला. सूतगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने, जिथे लहान पोरे राबत, तिथे तो पोचे. मालक आत येऊ देत नसत. मग हा कधी यंत्रांचे फोटो घ्यायला आलोय म्हणे, तर कधी आणखी काही निमित्त सांगे. आपल्या कोटाचे कोणते बटण जमिनीपासून किती उंच, हे त्याला पक्के माहीत. पोर जवळ उभे राहिले की बटणावरून त्याची उंची कळे. मग खिशातल्या खिशात टिपण करी: नाव काय, वय किती, काम कोणते, किती दिवसांपासून. शिक्षकाची हजेरी लिहायची सवय गेली नव्हती, असेच म्हणा ना!

त्या टिपणांमुळेच त्या फोटोंना साक्षीचे मोल आले. नुसता फोटो असता तर मालक म्हणाला असता, पोर बापाला भाकरी द्यायला आले होते. पण नाव, वय आणि दिवस लिहिलेले असले की तोंड कसे फिरवणार? १९१६ साली अमेरिकेत पहिला केंद्रीय कायदा झाला. दोन वर्षांनी तेथील न्यायालयाने तो रद्द ठरवला. शेवटी १९३८ साली टिकाऊ कायदा आला. तीस वर्षे लागली. आणि हाइन स्वतः १९४० साली गरिबीत वारला.

याउलट एक दुसरी गोष्ट आहे. १९३६ साली अमेरिकेत मोठी मंदी होती. कॅलिफोर्नियात वाटाण्याच्या शेतांवर मजुरीला आलेल्या लोकांच्या तळावर डोरोथिया लँग या बाईने एका मातेचा फोटो घेतला. दोन पोरे आईच्या खांद्यावर तोंड लपवून आहेत, आणि आई हनुवटीला हात लावून दूर कुठे तरी बघते आहे. जगात गाजलेल्या फोटोंपैकी हा एक. फोटो छापून आला आणि तळावर सरकारी अन्न पोचले. पण तोवर ती बाई पोरांना घेऊन पुढे निघून गेली होती. लँगबाईंनी तिचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स थॉम्पसन हे तिचे नाव जगाला कळले १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. चेहरा सर्वांच्या ओळखीचा, आणि माणूस कोणाच्याच नाही!

आता आपल्या मुलखात येऊ. सातारा आणि सांगली हे मूळचे एकच घर. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. कृष्णामाई दोघांचीही. या मुलखात एक थोर माणूस होऊन गेला. तरुणपणी तो किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडला. लोखंडाने जमीन नासते, असे म्हणणाऱ्या शेतकऱ्यांची त्याने समजूत घातली. तेच पुढे कर्मवीर भाऊराव पाटील झाले. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. कमवा आणि शिका, हा त्यांचा मंत्र. रयतची पोरे माती खणत, दगड फोडत, पाटी-घमेली उचलत, आणि शिकत.

गुरुजींनो, आता मनापुढे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवा. एकात हाइनच्या खाणीतला पोरगा, अंगभर धूळ, हातात काम. दुसऱ्यात रयतचा विद्यार्थी, डोक्यावर घमेले, अंगभर धूळ. वयही सारखेच. डोळ्यांना फरक काय दिसणार? पण पहिल्याचे काम त्याला शाळेपासून तोडते, आणि दुसऱ्याचे काम त्याला शाळेत नेते. एक फोटो अन्यायाचा, दुसरा अभिमानाचा. हा भेद कॅमेरा सांगत नाही. तो फोटोखालचा मजकूर सांगतो. फोटो मुका असतो. त्याला वाचा आपण द्यायची असते.

नाव लिहिण्याने आणखी काय होते, तेही याच मुलखाने पाहिले आहे. पाटण, जावळीच्या डोंगरातली माणसे मुंबईला गेली आणि तेथील बाजारात, गोद्यांत पाठीवर ओझी वाहू लागली. माथाडी म्हणून त्यांना जग ओळखते. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. धनी कोण हे ठरलेले नाही, म्हणून रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. पाटण तालुक्यातलेच अण्णासाहेब पाटील त्यांच्यासाठी झगडले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. कायद्याचा गाभा काय? मंडळ नेमायचे आणि कामगारांची नोंद करायची. हमाल म्हणून जो गर्दीत होता, तो नोंदवहीत नावाने आला. नाव आले, मागून हक्क आला.

पण सगळीच नावे अजून वहीत आलेली नाहीत. कोयनेच्या धरणाचा फोटो पुस्तकात छापतात. धरण १९६४ साली पुरे झाले. फोटोत भिंत दिसते, भिंत रचणारे हात दिसत नाहीत. शेतीच्या फोटोत बैलजोडी आणि कासरा धरलेला बाप्या असतो. भांगलण करणारी, वैरण वाहणारी, धान्य पाखडणारी बाई एक तर चौकटीबाहेर, नाही तर पाठमोरी. पुष्कळदा सातबाऱ्यावरही तिचे नाव नसते. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत हिंडून राबणाऱ्या बायकांचे फोटो घेतले. ते प्रदर्शन शाळा-कॉलेजांत मांडले, तसेच बस स्टँडवर आणि कारखान्यांच्या दारांतही मांडले. म्हणणे एवढेच होते: काम सर्वांना दिसते, करणारी दिसत नाही.

मंडळी, आपल्या घरांतही असे मुके फोटो पडून आहेत. पेटीच्या तळाशी, आरशामागे, जुन्या वहीत. कोणी मोटेच्या धावेवर उभा आहे, कोणी गुऱ्हाळात काहिलीपाशी गुळव्या म्हणून, कोणी हरिपूरच्या हळदीच्या पेवाशी. आज इंजिन आणि वीज आल्यावर मोट गेली. २००५ च्या महापुराने पेवांची दाणादाण केली. नाडा कोणता आणि सोंदूर कोणता, पेव उघडल्यावर आत लगेच का उतरत नाहीत, हवा का खेळू देतात, हे सांगणारी माणसे आता ऐंशी-नव्वदीची आहेत. त्यांचे डोळे मिटले की फोटो राहील, पण ओळखणारा राहणार नाही.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींनो, एवढे करा. मुलांना सांगा, घरातला काम करणाऱ्या माणसाचा एक जुना फोटो शोधा. आजी-आजोबांजवळ बसा. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने पाच गोष्टी लिहा: माणसाचे पूर्ण नाव, गाव, साल, काम आणि अवजार, आणि त्या दिवसाची मजुरी किंवा बलुते काय होते ते. बाईचा फोटो असेल तर ‘अमक्याची बायको’ असे लिहू नका, तिचे नाव लिहा. जुना फोटो नसेल तर नवा काढा. आता मोबाईल घरोघरी आहे. पण आधी त्या माणसाला विचारा. तो नको म्हणाला तर नको. आणि मोबाईलवर विसंबू नका. त्यात तारीख राहते, नाव राहत नाही, आणि मोबाईल बिघडला की तारीखही जाते. नाव एका वहीत उतरवा आणि ती वही शाळेच्या कपाटात ठेवा.

राजांचा इतिहास बखरीत आहे, सरकारचा दप्तरात आहे. कष्टकऱ्याचा इतिहास कोणी आयता आणून देणार नाही. तो फोटोच्या पाठीवर लिहावा लागेल, आणि सांगणारे आहेत तोवरच लिहावा लागेल.