निरोगी शेळी, आजारी शेळी आणि प्रतिजैविके

प्रयोग दिसायला साधा आहे. शेळीच्या गळ्याच्या एका बाजूच्या नसेत प्रतिजैविक टोचायचे आणि दुसऱ्या बाजूच्या नसेतून ठरल्या वेळी रक्त घ्यायचे. आधी मिनिटांच्या, मग तासांच्या अंतराने. नस एकच वापरली तर टोचलेल्या जागी उरलेले औषध नमुन्यात उतरते आणि आकडे फसवे येतात. रक्तातले औषध आज एचपीएलसी यंत्रावर मोजतात. जिवाणू पेरलेल्या अगारवर रक्तद्रव ठेवून भोवतीचे स्वच्छ वर्तुळ मोजण्याची जुनी पद्धतही आहे. या नोंदींतून अर्धायुकाल निघतो, म्हणजे रक्तातले औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ. औषधगतिशास्त्राची ओळख बहुतेकांना इथूनच होते.

गुंता वाढतो तो शेळी आजारी पडल्यावर. संसर्गात यकृत अल्ब्युमिन कमी बनवते आणि अल्फा-१ ॲसिड ग्लायकोप्रोटीन जास्त. त्यामुळे औषधाचा किती भाग प्रथिनांना चिकटेल आणि किती मोकळा राहील, हे बदलते. जिवाणूंना भिडतो तो मोकळा भागच. दाहात तयार होणारी सायटोकाइन्स यकृतातल्या, औषधे मोडणाऱ्या सायटोक्रोम पी-४५० विकरांचे काम मंद करतात. अंगातले पाणी कमी झालेल्या शेळीच्या मूत्रपिंडाला रक्त अपुरे पडते. मग लघवीवाटे जाणारे जेंटामायसिन शरीरात रेंगाळते आणि मूत्रपिंडालाच इजा करू शकते. कासदाहाची तऱ्हा आणखी वेगळी. निरोगी दूध रक्तापेक्षा आम्लधर्मी, म्हणून एरिथ्रोमायसिनसारखी अल्कधर्मी औषधे त्यात अडकून साठतात. कास सुजली की दुधाचा सामू रक्ताच्या जवळ सरकतो आणि हा फायदा घटतो.

तेव्हा 'आजारात औषध जास्त वेळ टिकते' हा सरसकट नियम मला मान्य नाही. औषध कोणते, आजार कोणता, शेळी दुभती की गाभण, हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. मेंढीचा डोस शेळीला लावण्याची सवय तर सोडायलाच हवी. शेळीचे यकृत अनेक औषधे झपाट्याने मोडते. आणि मेंढीला चालते म्हणून टिल्मिकोसिनचे इंजेक्शन दिले तर शेळी दगावू शकते.

संशोधनातही एक मेख आहे. कित्येक अभ्यासांतला 'आजार' म्हणजे ई. कोलायच्या एंडोटॉक्सिनने आणलेला काही तासांचा ताप. गोठ्यात आठवडाभर खोकणाऱ्या उस्मानाबादी शेळीचे आकडे त्याच्याशी जुळतीलच असे नाही. म्हणून नव्या अभ्यासकाला एकच विनंती: कोणत्याही शोधनिबंधातला डोसाचा तक्ता उघडण्याआधी शेळ्या निरोगी होत्या की आजारी, आणि आजारी असतील तर कशाने, ते वाचा.