शेजारचे विरजण

दही बिघडले की शेजारणीकडून विरजण आणावे, ही आपल्याकडची जुनी रीत. बीअरचेही तसेच. मोड आणलेल्या जवाच्या काढ्यात यीस्टचे विरजण घालावे लागते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यात बीअर नासू लागली, तेव्हा तेथील प्रयोगशाळेतल्या एमिल हान्सेनने ओळखले, की विरजणात रानटी यीस्ट मिसळले आहे. त्याने एकेक पेशी वेगळी काढून निरनिराळ्या पात्रांत वाढवली, प्रत्येकीचा गुण पारखला आणि १८८३ साली निर्भेळ विरजण सिद्ध केले. कारखान्याचा मालक याकोबसेन याला हे गुपित दडवून गबर होता आले असते. पण त्याने ते विरजण इतर कारखानदारांनाही फुकट दिले. वाचकहो, शेजारधर्म म्हणतात तो याहून निराळा काय असतो?