साठ दिवसांचा हिशेब

मित्रांनो, आज थोडा इतिहास सांगतो. ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच.

जन्मल्यावर बरीच बाळं पिवळी पडतात अन् दोन आठवड्यांत ती कावीळ उतरते. पण काही थोड्या बाळांची यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी नळीच बंद होत जाते. याला बिलियरी अट्रेसिया म्हणतात. पित्त आतच साचतं, यकृत कडक होतं. उपचार झाला नाही तर बहुतेक लेकरं दोन वर्षांच्या आत जातात.

1928 साली अमेरिकेत डॉ. विल्यम लॅड यांनी अशी काही बाळं वाचवली, पण ज्यांच्या नळीचा थोडा भाग शाबूत होता तीच. बाकीच्यांना 'दुरुस्त न होणारा आजार' असा शेरा मिळायचा. 1955 साली जपानच्या सेंदाई शहरात डॉ. मोरिओ कासाई यांनी बंद नळ्या काढून आतडं थेट यकृताच्या तोंडाशी जोडलं आणि पित्त वाहू लागलं! 1959 ला त्यांनी हे जपानी भाषेत छापलं, इंग्रजीत ते 1968 साली आलं. तरी बाहेरच्या डॉक्टरांचा बरीच वर्षं विश्वास बसला नाही.

पुढच्या अनुभवातून एक गोष्ट पक्की झाली. 60 दिवसांच्या आत ऑपरेशन झालं तर दहापैकी साधारण सात बाळांचं पित्त वाहतं. 90 दिवसांनंतर हा आकडा दोन-तीनवर येतो. मग उरतं यकृत प्रत्यारोपण. वेळेत ऑपरेशन झालेल्या काहींनाही पुढे ते लागतंच. भारतात लहान मुलाचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण 1998 ला दिल्लीत अपोलो रुग्णालयात झालं, तेही याच आजारासाठी. यकृताचा भाग वडिलांनी दिला. पण हा खर्च आपल्याकडच्या धानाच्या शेतकऱ्याला झेपणार आहे का?

तैवानने स्वस्तातला उपाय काढला. 2004 पासून तिथे प्रत्येक आईला बाळाच्या शीच्या रंगांचं कार्ड मिळतं. वेळेत ऑपरेशन होणाऱ्या बाळांचं प्रमाण 49 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर गेलं.

आता आपलं पाहू. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात. म्हणजे साठच्या अलीकडे सहा भेटी! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 ला सुरू झाला, पण त्याच्या मूळ यादीतल्या जन्मजात दोषांत हा आजार नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे: गोरेगाव तालुक्यातल्या प्रत्येक आशाताईकडे रंगांचं कार्ड द्या आणि प्रत्येक भेटीत शीचा रंग विचारा. पुढच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे, तुम्हीही आपापल्या गावात मांडा.

तोवर एवढं लक्षात ठेवा. कावीळ 14 दिवसांनंतरही दिसते, शी तांदळाच्या पिठासारखी पांढुरकी आहे, लघवीने लंगोट पिवळा होतो, तर "उन्हात धरा, उतरेल" म्हणून थांबू नका. झाडपाल्यातही दिवस घालवू नका. बाळ छान दूध पिऊन गुटगुटीत दिसत असलं तरी डॉक्टरकडे न्या आणि बिलिरुबिनची तपासणी 'डायरेक्ट'सह करायला सांगा.

पोस्ट आवडली नाही तरी चालेल, पण आपल्या आशाताईपर्यंत नक्की पोचवा. 🙏