वात नसलेली बत्ती

‘बत्ती’ मूळची संस्कृत ‘वर्ति’च्या घरातली. वर्ति म्हणजे वळलेला कापूस किंवा चिंधी. आपली ‘वात’ही त्याच घरची. वातीचं नाव पुढे अख्ख्या दिव्यालाच चिकटलं. गंमत अशी की ज्या दिव्याला मराठी माणूस हटकून बत्ती म्हणतो, त्या गॅसबत्तीत वातच नसते. सिलिंडरही नसतो, टाकीत असतं साधं रॉकेल.

तरी नाव खोटं नाही. पंपानं हवा भरली की तेल नळीतून वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती निपलच्या बारीक भोकातून फुसफुसत बाहेर पडते. जळतो तो गॅसच. हा शब्द सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट या रसायनज्ञानं ग्रीक ‘केऑस’वरून घडवला. केऑस म्हणजे गोंधळ. नळी पुरती तापायच्या आत पंप मारला की बत्ती भपकन भडकते, तेव्हा हेल्माँटसाहेबांना मानावं लागतं.

जुन्या लोकांच्या तोंडी ‘किटसन’ असायचं. आर्थर किटसन या इंग्रज संशोधकाच्या तेलवाफेच्या दिव्यांवरून आलेलं नाव. पुढे ‘पेट्रोमॅक्स’नं त्याला हटवलं. बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झ कंपनीनं १९१०च्या सुमारास हा दिवा काढला. ‘पेट्रोलियम’मधला पेट्रो आणि माक्स ग्रेट्झमधला मॅक्स. मराठी कानाला त्यात ‘पेटणे’ ऐकू येतं, म्हणून तर नाव इतकं रुळलं असेल, असं आपलं मला वाटतं.

पेट्रोलियम म्हणजे खडकाचं तेल. ‘रॉकेल’ म्हणजेही तेच, इंग्रजी रॉक ऑइल. म्हणजे पेट्रोमॅक्समध्ये रॉकेल ओतताना आपण एकाच अर्थाचे दोन शब्द एका टाकीत भरत असतो. ‘घासलेट’ची तऱ्हा उलटी. तो ‘गॅसलाइट’चा मराठी अवतार. दिव्याचं नाव तेलाला गेलं आणि वातीचं दिव्याला.

ही चर्चा चेंबूरमध्ये बसून करायला मजा येते, कारण या शब्दांमागच्या वस्तू इथेच तयार होत. माहुलला स्टॅनव्हॅकचा तेलशुद्धीकरण कारखाना १९५४ला आणि बर्मा-शेलचा १९५५ला सुरू झाला. आज ते एचपीसीएल आणि बीपीसीएल. रॉकेल शेजारचंच. त्याहून नवलाची गोष्ट मेंटलची.

‘मेंटल’चा वेडाशी संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘मँटेलम’ म्हणजे अंगावरचा झगा. आपलं मेंटल म्हणजे ज्योतीला घातलेला झगा. नवीन असताना ती मऊ जाळीदार पिशवी असते. पहिल्यांदा पेटवली की सूत जळून जातं आणि मागे राहतो तो ऑक्साइडचा पांढरा सांगाडा. बोट लागलं की संपला. उजेड ज्योतीचा नसतोच, ज्योत निळी आणि मंद. पांढराशुभ्र उजेड देतो तो तापलेला सांगाडा. त्याचं पक्कं मिश्रण कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यानं १८९१मध्ये बसवलं : ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सीरियम ऑक्साइड. हे थोरियम केरळच्या मोनाझाइट वाळूत सापडतं आणि ते शुद्ध करून थोरियम नायट्रेट बनवणारा कारखाना १९५५मध्ये उभा राहिला तो आपल्या ट्रॉम्बेला. अणुशक्तीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या परिसरातला माल वराती आणि तमाशाचे फडही उजळत होता! थोरियम किरणोत्सारी असतं, म्हणून जुन्या मेंटलची राख चुरगाळू नये, नाकात तर मुळीच जाऊ देऊ नये. हल्ली बऱ्याच मेंटलमध्ये त्याऐवजी यिट्रियम असतं.

बत्तीचं तेज मेणबत्त्यांत मोजतात. तीनशे, पाचशे कँडलपॉवर. १९४८पासून त्याचं आंतरराष्ट्रीय एकक ‘कँडेला’. लॅटिन ‘कँडेला’ ग्रीक आणि अरबीतून फिरत आपल्याकडे ‘कंदील’ होऊन आली आहे. तेव्हा पाचशेची बत्ती म्हणजे शब्दशः पाचशे कंदील.

माळ्यावरची बत्ती दुरुस्त करायला काढली की मात्र व्युत्पत्ती उपयोगी पडत नाही, उच्चार पडतो. पंपाचा दांडा सुळकन खाली गेला आणि हवा भरलीच नाही, तर आतली चामड्याची वाटी सुकून आक्रसली असं समजावं. आधी ती तेलात मुरवून पाहावी. नाहीच फुगली तर नवी आणावी. पण दुकानात ‘वॉशर’ म्हटलं की नळाचं रबरी चाक पुढे येतं. ‘काका, पंपाचा कातडी वायसर’ म्हटलं की काका चष्मा वर करून विचारतात, ‘स्टोचा की बत्तीचा?’ व्यास जुळला तर स्टोव्हचाही चालून जातो. निपलचं तसं नाही, आटे जुळावे लागतात.

परिभाषा घडवणाऱ्यांनी प्रेशर लॅम्पसाठी ‘दाबदीप’ असा काही शब्द काढू नये. गॅसबत्ती पुरेशी आहे. आणि सुटा भाग आणायला जाल तेव्हा शब्दावर विसंबू नका, जुना वायसर आणि जुनं निपल खिशात घालून न्या.