आंतोफागास्ता येथील सोमलयुक्त पाणी व त्याचे शोधन

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आटाकामा वाळवंटाच्या कडेस वसलेले आंतोफागास्ता हे बंदर सोऱ्याच्या व्यापाराने उदयास आले. १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात ते बोलिव्हियाकडून चिलीकडे गेले. संपत्तीची वाण त्या प्रदेशास नव्हती. वाण होती ती गोड्या पाण्याची. १८७२ साली तेथील लास सालिनास या ठिकाणी खारे पाणी सूर्याच्या उष्णतेने वाफवून गोडे करण्याचा उद्योग उभारला गेला, यावरून तहानेची तीव्रता कळावी. पुढे अँडीज पर्वतातील नद्यांचे पाणी नळांवाटे आणण्यात आले, आणि १९५८ पासून तोकोन्से नदीचे पाणी शेकडो किलोमीटरांवरून शहरास मिळू लागले.

ज्वालामुखीच्या प्रदेशातून येणाऱ्या या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ८६० मायक्रोग्रॅम आर्सेनिक होते. पूर्वीच्या पाण्यात हेच प्रमाण ९० च्या आसपास होते. जागतिक आरोग्य संघटनेची आजची मर्यादा १० आहे. हरताळ पिवळा, मनशीळ तांबडी, सोमल पांढरा. आर्सेनिकची ही रूपे आपल्या वैद्यांस व पोथ्या लिहिणाऱ्यांस डोळ्यांनी ओळखता येत. ('हरताळ फासणे' हा वाक्प्रचार चुकलेले अक्षर हरताळाच्या लेपाने झाकण्याच्या प्रघातावरूनच आला.) पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकला मात्र रंग नाही, वास नाही, चवही नाही. मुलांच्या कातडीवर डाग उमटू लागले, तळहात व तळपाय जाड होऊ लागले, तेव्हा ते प्रकट झाले.

१९७० साली शहरासाठी शोधनकेंद्र सुरू झाले. तेथे योजलेली क्रिया तत्त्वतः नवी नव्हती. १८३४ मध्येच बुन्सेन व बेर्टोल्ड यांनी गटिंगेन येथे ताजा लोह-हायड्रॉक्साइड हा सोमलाच्या विषबाधेवरील उतारा म्हणून सुचविला होता. जे जठरात घडते तेच हौदात घडवावयाचे होते. पाण्यात फेरिक क्लोराइड घातले म्हणजे लोहाचे तपकिरी, भुसभुशीत पुंजके बनतात. आर्सेनेटचे ऋणभारित अणुसमूह त्यांच्या पृष्ठभागास चिकटतात, आणि साका खाली बसल्यावर वरचे पाणी वाळूतून गाळून घेता येते. घरोघरी तुरटीने पाणी निवळण्याची रीत याच जातीची. फरक इतकाच, की येथे केवळ गढूळपणा नव्हे, तर विरघळलेला पदार्थही साक्याबरोबर ओढला जातो. त्यात एक अडचण आहे. त्रिसंयुजी आर्सेनिक साधारण पाण्यात विद्युद्भाररहित असते, त्यामुळे ते लोहास पुरेसे चिकटत नाही. म्हणून क्लोरीनने त्यास आधी पंचसंयुजी करावे लागते. पाण्याची आम्लताही योग्य राखावी लागते, अन्यथा पकड सैल पडते.

केंद्र सुरू झाल्यावर प्रमाण सुमारे ११० वर उतरले, आणि १९८० नंतरच्या दशकाअखेर ४० च्या आसपास आले. शरीरातील हिशेब मात्र इतक्या लवकर मिटला नाही. १९८९ ते १९९३ या काळात त्या विभागात मूत्राशयाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेच्या तुलनेत पुरुषांत सुमारे ६ पट व स्त्रियांत सुमारे ८ पट आढळले. १९५८ ते १९७० या बारा वर्षांत जे गर्भात वा बाल्यावस्थेत होते, त्यांच्यात फुप्फुसांच्या कर्करोगाचे मृत्यू ऐन तारुण्यात वाढलेले दिसले. नळ शुद्ध झाल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी हे घडत होते. केंद्राच्या यशाचे वर्णन करताना अभियंत्यांच्या लेखनात ही बाजू पुष्कळदा गळते, ते योग्य नव्हे.

आंतोफागास्ताची एक सोय विसरता कामा नये. सारे पाणी एकाच वाटेने येत होते, म्हणून एकाच ठिकाणी त्याचे शोधन शक्य झाले. १९८३ पासून पश्चिम बंगालमध्ये, व १९९३ पासून बांगलादेशात, जे आर्सेनिक उघडकीस आले ते असंख्य कूपनलिकांत विखुरलेले होते. रसायन तेच, पण रोज साका काढणारा, लोहाची मात्रा तपासणारा माणूस प्रत्येक नळापाशी कोठून आणावयाचा? पश्चिम बंगालमधील हातपंपांस जोडलेली अनेक शोधनयंत्रे देखभालीअभावी बंद पडली.