भातखाचरातील सूक्ष्मजीव आणि सेंद्रिय खते (शहापूर–मुरबाड)

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांचे मुख्य पीक पावसाळी भात. लावणीपासून दाणा भरेपर्यंत इथली खाचरे बहुतेक काळ पाण्याखाली असतात, त्यामुळे त्यांतील जीवसृष्टी वरकस जमिनीपेक्षा अगदी वेगळी असते. शेणखत, गिरिपुष्पाचा पाला आणि पेंढा ही तिन्ही खते सेंद्रियच, पण चिखलातल्या जिवाणूंवर त्यांचा परिणाम सारखा होत नाही. खत कच्चे आहे की कुजलेले, ते केव्हा घातले आणि त्या वेळी खाचरात पाणी होते की नव्हते, यावर बरेच अवलंबून असते. सेंद्रिय शेतीच्या प्रचारात हा मुद्दा फारसा येत नाही. वास्तविक तो सर्वांत आधी यायला हवा.

पाण्याखालची माती : चिखलणी होऊन पाणी साचले की मातीतला प्राणवायू जिवाणू एक-दोन दिवसांतच संपवतात. मग प्राणवायूवाचून जगणाऱ्यांची पाळी येते. ते आधी नायट्रेट, नंतर मँगनीज, लोह व सल्फेट वापरतात आणि सरतेशेवटी मिथेनजनक सूक्ष्मजीव कामाला लागतात. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ एफ. एन. पोन्नमपेरुमा यांनी 1972 साली या रासायनिक बदलांची केलेली मांडणी अजूनही आधारभूत मानली जाते. खाचरात उभे राहून हे डोळ्यांनी पाहता येते. चिखलाचा वरचा काही मिलिमीटरांचा थर तपकिरी, त्याखालचा निळसर करडा असतो. पाय रुतला की बुडबुडे वर येतात. रोप उपटले तर पांढऱ्या मुळांवर लोहाचा तांबूस लेप दिसतो. भाताचे रोप पानांकडून मुळांपर्यंत हवा पोहोचवते आणि मुळांलगतच्या त्या चिंचोळ्या पट्ट्यात मिथेन खाणारे जिवाणू वस्ती करतात. पाण्याखाली लोहाचे रूप पालटताना त्याने धरून ठेवलेला स्फुरदही थोडाफार मोकळा होतो.

राब : या भागातली जुनी आणि बरीच नोंदलेली पद्धत. उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर शेण, त्यावर ऐनासारख्या झाडांचा टहाळ, मग गवत व पाचोळा रचतात, वर बारीक माती पसरतात आणि आग मंद चालावी म्हणून वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवतात. 1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये राबाची नोंद आहे. टहाळ तोडण्याच्या हक्कावरून शेतकरी आणि वन खाते यांच्यात तंटा वाढला, तेव्हा 1885 साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील राब हा मोठाच प्रश्न ठरला. राब खरोखर लागतो की ती निव्वळ रूढी, याचे उत्तर सरकारला हवे होते.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांच्यासह 1912 साली पश्चिम भारतातील राबावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. केवळ राखेवर न थांबता, आच लागल्याने मातीत काय बदलते, याचाही त्यांनी विचार केला. (कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीचे जाणकार म्हणून ओळखले गेले, राबावरचे त्यांचे काम मात्र विस्मरणात गेले, ते जाऊ नये.) त्याच सुमारास, 1909 साली, इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी तापवलेल्या मातीवर प्रयोग केले होते. तापवल्यावर जिवाणूंची संख्या आधी घटते, मग पूर्वीपेक्षा अधिक वाढते आणि मातीत अमोनिया साचतो, असे त्यांना आढळले. जिवाणू खाणारे आदिजीव आचेने मरतात म्हणून असे घडते, हा त्यांचा खुलासा पुढे वादग्रस्त ठरला. राबाने तणांचे बी मरते आणि माती भुसभुशीत होऊन रोपे सहज उपटतात, हे शेतकरी आधीपासून सांगत आले आहेत. जळणाऱ्या शेणापाल्यातील नत्र मात्र धुरावाटे जातो.

हिरवळीचे खत : गिरिपुष्पाचा कोवळा पाला नत्राने भरलेला असल्याने चिखलात लवकर कुजतो. म्हणून तो बांधावर लावावा आणि लावणीपूर्वी खाचरात गाडावा, असे कोकणात सांगितले जाते. डॉ. एन. के. सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीतही गिरिपुष्प आहे. युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये खोल खोचणे हे तिचे आणखी एक सूत्र. खोल खोचण्याचे कारण असे, की वरच्या थरात तयार झालेले नायट्रेट खाली झिरपले की तिथले जिवाणू त्याचा वायू करून उडवून लावतात. खोल खोचलेल्या खताचा नत्र या फेऱ्यातून बराचसा वाचतो.

पेंढा व शेणखत : पेंढ्यात कर्ब भरपूर, नत्र थोडा. लावणीच्या तोंडावर तो गाडला तर जिवाणू उपलब्ध नत्र स्वतःसाठीच अडकवतात आणि रोपे काही काळ पिवळी पडतात. मिथेनही वाढतो. कापणीनंतर ओल असतानाच गाडलेला पेंढा पावसापूर्वी बराचसा कुजतो. इथे पेंढा आधी गुरांना लागतो, तेव्हा तो बहुधा गोठ्यातूनच खाचरात येतो. मुरलेल्या शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का असतो, पण त्याने मातीतला कर्ब व जिवाणूंचे एकूण वस्तुमान टिकून राहते, आणि कच्च्या पाल्यापेंढ्याच्या तुलनेत मिथेनही कमी निघतो. उकिरड्यातून अर्धेकच्चे उचललेल्या शेणाला हे लागू नाही.

नील-हरित शैवाल व अझोला : भातखाचरातील नील-हरित शैवाल हवेतील नत्र स्थिर करते, हे पी. के. डे यांनी 1939 साली दाखवले. अझोला या पाणनेच्याच्या पानांत राहणारे शैवालही तेच काम करते.

जीवामृत : शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती पाण्यात आंबवून करतात. त्याचा परिणाम त्यातील जिवाणूंमुळे, गूळ-बेसनाच्या खाद्यामुळे की दोन्हींमुळे, याविषयी मतभेद आहेत.

नांगरणीविना भात : मुरबाडलगतच्या कर्जत तालुक्यात, नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस तंत्र विकसित केले. यात गादीवाफ्यांवर टोकणी होते. चिखलणी आणि लावणी दोन्ही नाहीत. आधीच्या पिकाची मुळे जागच्या जागी कुजू देतात. वाफ्यात हवा खेळती राहिल्याने गांडुळे वाढतात. तणनाशकाचा वापर हा त्यातील वादाचा भाग.

बुरशी : मुळांशी सहजीवन करणारी बुरशी साचलेल्या पाण्यात कमी आढळते.

वाल : भातकापणीनंतर अंगओलीवर वाल घेतात, त्याच्या मुळांवरील गाठींतले रायझोबियम हवेतील नत्र स्थिर करतात.